लुपेला नुसती शिवणारी म्हणू नका

लुपेला शिवणारी म्हटलेलं मला खपत नाही. बँकेतली एक पोरगी एकदा माझ्यासमोर म्हणाली, "ती कोलोमोतुआची शिवणारी ना?" मी तिच्या काळ्या ब्लाउजची कॉलर धरली आणि विचारलं, "मग हे काय झाडाला लागलं होतं?" लुपेने मला मागून ओढलं. माझ्या रागाला ती कायम मागून ओढते, आणि स्वतःच्या रागाला तर घराबाहेर पाऊलच टाकू देत नाही. हा तिचा दोष आहे. पुढे जे झालं त्यात या दोषाचा वाटा मोठा होता, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी फुसी. चोवीस वर्षं तिच्या दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाई करते. दुकानावरची पाटी मीच रंगवली: 'तोकिलुपे, फॅशन डिझायनर'. पाटी लागली त्या दिवशी गल्लीतले पुरुष कावा पीत वाटीवर वाकून हसत होते. "फॅशन? मयताला?" कारण लुपे फक्त काळे कपडे करते.

आमच्या टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या रस्त्यावर कुठल्याही सोमवारी उभं राहा, दर तिसरी बाई काळ्यात दिसेल. दीर गेला, चुलतसासू गेली, राजवाड्यातलं कुणी गेलं. कुणासाठी तीन महिने, कुणासाठी सहा, नवऱ्यासाठी वर्ष. काळा ब्लाउज, पायघोळ काळा स्कर्ट आणि वरून कमरेला गुंडाळलेली विणीची चटई. अशाच वेषात बायका ऑफिसला जातात, पोरांना पाजतात, बाजारात सुरणासाठी भांडतात. पण त्या कपड्याचा विचार म्हणून कुणी केला होता का? मिळेल ते काळं कापड घ्यायचं आणि पोतं शिवायचं. दुखवट्यात नटायचं थोडंच असतं!

लुपे परदेशात, सुवा शहरात, दोन वर्षांचा कोर्स करून आली तेव्हा तिच्या डोक्यातही फुलं आणि झालरीच होत्या. मग एकोणतिसाव्या वर्षी तिचा नवरा बोटीसकट गेला, आणि तिने वर्षभर ते पोतं घातलं. चटई घासून घासून कमरेची सालं निघाली. भेटायला आलेल्या बायकांना मिठी मारायला हात उचलला की काखेत शिवण उसवायची. रुमाल ठेवायला जागा नाही, आणि दुखवट्यात तर बाईला रुमालच लागतो. या सगळ्याचा राग येऊन लुपेने कागद पसरला. तिला आयुष्यात आलेला तो एकच धड राग, असं मी म्हणते.

तिने कमरेपाशी आतून मऊ कापडाची दुहेरी पट्टी घातली. बाही अशी बेतली की दिवसभरात दोनशे जणींच्या गळ्यात पडलं तरी शिवण हलू नये. अंगावर पाजणाऱ्या विधवेसाठी पुढून उघडणारा गळा केला. शिवणीत लपलेला खिसा ठेवला. आणि काळ्यावर काळ्याच दोऱ्याने कॉलरवर बारीक काम केलं, लांबून दिसणार नाही असं. जी घालते तिला तेवढं माहीत. एकेका बाईसाठी एकेक कागदी फर्मा. चोवीस वर्षांत बासष्ट झाले. जाड तपकिरी कागदाच्या त्या गुंडाळ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असायच्या. लोकांच्या दुकानात काचेच्या कपाटात माल असतो. आमचा माल म्हणजे ती भिंत.

आता लोसालिने आत्याचं सांगते. लुपेच्या वडिलांची ही थोरली बहीण. बापाची बहीण आणि तिची मुलं आमच्याकडे घरातल्या सगळ्यांच्या वर असतात. ती फाहू. फाहूने ज्याला हात लावला ते फाहूचं. नाही म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, वर 'उपकार झाले' म्हणायचं. मीही माझ्या मामाच्या गोठ्यातून डुकराचं पिल्लू उचलून आणलेलं आहे, खोटं कशाला बोलू! पण आत्याने कहर केला होता. दर नाताळाला काठी टेकत दुकानात यायची, सगळ्यांत चांगल्या कपड्यावर काठीचं टोक ठेवायची आणि म्हणायची, "हे." एवढंच. एकदा तर एक बाई ट्रायलला उभी असताना तिच्या अंगावरून ब्लाउज उतरवून नेला. लुपे त्या बाईची माफी मागून रातोरात दुसरा शिवत बसली.

"काठी मोडून टाकते एक दिवस म्हातारीची," मी म्हणायचे.

"आत्या आहे," लुपे म्हणायची. झालं. आत्या आहे म्हटल्यावर पुढे बोलायचं काय!

या जूनमध्ये आत्याची मुलगी एलेनोआ ऑकलंडहून आली. आठ वर्षांची असताना गेलेली, आता तिथे तिचं मोठं कपड्यांचं दुकान आहे. लुपेने तिच्यासाठी चांगल्यातला चांगला ब्लाउज टेबलावर काढून ठेवला होता. आतेबहीण येणार, काहीतरी नेणार, हे धरलेलंच होतं. एलेनोआने ब्लाउजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती भिंतीपाशी गेली.

"हे काय गं?"

"फर्मे," लुपे म्हणाली.

तिने एक उलगडला, दुसरा उलगडला, पाचवा उलगडला. बाई धंद्यातली होती, तिला कळत होतं. "हे नेते मी."

लुपेचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. मला राहवलं नाही. "ते कपडे नाहीत, बाईसाहेब. ते द्यायची वस्तू नाही."

एलेनोआने माझ्याकडे बघितलंच नाही. लुपेला हसून विचारलं, "ही कोण?"

आणि लुपे काय म्हणाली असेल? म्हणाली, "फुसी, दोरी आण." स्वतःच्या हाताने बासष्ट गुंडाळ्या बांधल्या, स्वतः गाडीत नेऊन ठेवल्या आणि वर म्हणाली, "उपकार झाले." मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून शिव्या दिल्या. माझ्या आईने मला शिकवलेल्या सगळ्या दिल्या, आणि न शिकवलेल्याही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यामागे लागले. "माग परत."

"फाहूकडे कुणी परत मागतं का?"

"निदान नक्कल तरी माग!"

"फुसी, पुरे."

पुरे कसलं? चौथ्या दिवशी फोउई गावची एक बाई आली. तिचा नवरा सकाळीच गेला होता आणि तिच्या काखेला ऑपरेशनची जखम होती. असल्या बाईसाठी लुपेकडे एक फर्मा होता, अगदी तसाच. आता नव्हता. लुपेने आठवून कापलं. काख चुकली. उसवलं, पुन्हा कापलं, पुन्हा चुकली. शेवटी ती विधवा दिराच्या बायकोचं उसनं पोतं घालून नवऱ्याच्या मयताला बसली, आणि लुपे दोन दिवस जेवली नाही.

मग पेपरात फोटो आला. एलेनोआ, गळ्यात मोत्यांची माळ, आणि खाली छापलेलं: 'दुखवट्याच्या पोशाखाला रूप देणारी पहिली टोंगन डिझायनर'. पहिली! मी तो पेपर डुकरांच्या खोपटात अंथरला. शुक्रवारी दुपारी महिला मंडळाच्या हॉलमध्ये तिचा शो होता. गुरुवारी लुपेला निरोप आला, की ये, पडद्यामागे इस्त्रीला माणूस कमी पडतंय.

आणि शुक्रवारी सकाळी ही निघाली होती हो! खरंच निघाली होती, इस्त्री पिशवीत घालून. मी दुकानाला आतून कडी घातली, तिचा फोन बंद करून माझ्या कमरेला खोचला आणि दारात बसले. "माझ्या अंगावरून जा," म्हटलं. मी दाराएवढीच रुंद आहे. ती गेली नाही. कापायच्या टेबलावर डोकं ठेवून पडून राहिली.

हॉलमध्ये काय झालं ते मी पाहिलं नाही, पण इतक्या बायकांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच आहे. पहिले आठ-दहा पोशाख झाले, टाळ्या झाल्या. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या, "हा तर माझ्या सासूच्या वेळचा," "ही बाही लुपेची," पण मोठ्याने कोण बोलणार? आत्या पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसली होती. शेवटचा पोशाख दणक्यात व्हावा म्हणून एलेनोआने लेसिएलीला बाहेर पाठवलं. लेसिएली म्हणजे लुपेच्या एकुलत्या एका भावाची, सिओसिफाची, पोरगी. तिलाही नाही म्हणता आलं नव्हतं. एलेनोआ तिचीही फाहू लागते.

तिच्या अंगावर चटई होती. साधी नाही. जाड, फाटकी, कडांच्या चिंध्या झालेली, कानापर्यंत वर ओढलेली. केस मोकळे, विस्कटलेले. पोरगी पडद्यामागे हात जोडून सांगत होती, "एलेनोआ आत्या, ही अशी नेसायची नसते, कुणी गेल्याशिवाय नेसायची नसते," तर एलेनोआ म्हणाली, "छान दिसतंय, चाल." घ्यायचा रिवाज बाईला तोंडपाठ, नेसायचा मात्र नाही! म्हणून पोरगी रडत रडतच स्टेजवर आली.

आमच्यात चटई वाचतात. कोण किती फाटकी नेसलंय त्यावरून घरातलं कोण गेलं ते कळतं. अशी चटई, कानापर्यंत, पोरगी दोघांसाठीच नेसते: बापासाठी किंवा बापाच्या बहिणीसाठी. बाप तर दुसऱ्या रांगेत बसलेला. मग उरलं कोण? आणि लुपेचं दुकान सकाळपासून बंद, फोन बंद, स्वतःच्या आतेबहिणीच्या शोला ती नाही.

मग कुणीतरी किंचाळलं, "लुपे!" सिओसिफा उठला, आपल्या पोरीकडे पाहिलं, आणि बैलासारखा हंबरडा फोडून दाराकडे पळाला. त्याच्यामागे सगळा हॉल; मयताला रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून आधी आपापल्या घरी. एलेनोआ माइकवर "थांबा, अजून संपलं नाही," म्हणत होती. तिच्यासाठी संपलं होतं.

आम्ही मागच्या खोलीत. मी लुपेला लूचा घास भरवत होते, नारळाच्या दुधातली अळूची पानं, तिला आवडतात म्हणून मुद्दाम केलेली. पुढच्या अंगणातून चर्चची गाणी ऐकू यायला लागली. आधी दोन गळे, मग वीस.

"कोण गेलं गं?" लुपे म्हणाली आणि सवयीने टेप गळ्यात घातली.

मी पुढचं दार उघडलं. अंगणभर काळ्या बायका. चटयांचे गठ्ठे, झाडाच्या सालीच्या, तापा नावाच्या कापडाची भेंडोळी, एका ट्रकवर पाय बांधलेलं डुक्कर. शेजारच्या घरामागे पुरुषांनी मयताच्या जेवणासाठी भट्टीचा खड्डा खणायलाही घेतला होता. आणि प्रत्येकीच्या अंगावर आमचा ब्लाउज! मी मोजलं नाही, पण एकही परका नव्हता. घरातून येताना प्रत्येकीने लुपेचंच काळं अंगावर चढवलं होतं. लुपेच्या मयताला दुसरं काय घालणार?

"फुसी, कधी गं झालं?" बेकरीवाल्या मेलेआनेने माझ्या गळ्यात पडून विचारलं. "आता आमचं काळं कोण करणार गं? माझा गेला तेव्हा तिने मला त्या कॉलरवर त्याच्या होडीचं..."

मागून लुपे आली, गळ्यात टेप, ओठाला नारळाचं दूध. मेलेआनेने तिला पाहिलं आणि अशी किंचाळली की ट्रकवरचं डुक्करही किंचाळलं. सिओसिफा गुडघ्यावर बसून बहिणीचे पाय चाचपायला लागला. पाद्रीबाबांनी अर्धं गाणं तसंच सोडून दिलं. हसू, रडू, शिव्या, सगळं एकाच वेळी. मला मात्र हसू येईना. मला असा राग आला होता, की काय सांगू! मी पायरीवरून ओरडले, "हे आज बोलताय होय? तिकडे ते फर्मे स्टेजवर नाचवले तेव्हा तोंडात काय कंद कोंबले होते? माणूस मेल्यावर त्याला डिझायनर म्हणायचं असतं का?"

एवढ्यात मागे गर्दीत वाट होऊ लागली. लोसालिने आत्या येत होती.

फाहू मयताला कशी येते ते आम्हाला ठाऊक आहे. चांगलंचुंगलं नेसून येते, मयताच्या उशाशी बसते, आणि जाताना गावाने आणलेल्या उत्तमातल्या उत्तम चटया तिच्या घरी जातात. भावाची मुलगी गेली तर आत्याने काही फाटकं नेसायचं कारण नाही. तिच्या खालचं माणूस गेलंय. पण म्हातारीने भट्टीवर झाकायची चटई अंगाला गुंडाळली होती. राखेने काळी झालेली, भोकं पडलेली, कानाच्याही वर. सगळ्यांत खालचं माणूस सगळ्यांत वरच्यासाठी नेसतं, तशी. काठी नव्हती हातात. पायांत चपला नव्हत्या. ती सरळ उशाकडच्या दाराकडे न जाता घराला वळसा घालून मागे गेली, जिथे रांधणारे बसतात, आणि ओल्या मातीत बसून कंद सोलायला लागली.

असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

लुपे तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आत्या."

म्हातारीने वर पाहिलं. डोळे किलकिले केले. सुरी खाली ठेवली. "मेली नाहीस?"

"नाही."

"मग मेल्यासारखी दार लावून का बसली होतीस, कार्टे!" म्हातारी खेकसली आणि तोंडावर चटई ओढून हुंदके द्यायला लागली.

तेवढ्यात टाचांचे बूट चिखलात रुतवत एलेनोआ आली. "आई, ऊठ! हे काय नेसलीस? लोक बघतायत. आणि लुपे, माझा सगळा शो घालवलास तू, न येता घालवलास!"

"आत्या, उठा, चटई सोडा," लुपे म्हणाली. "मी आहे ना जिवंत."

"सोडीन तेव्हा सोडीन." म्हातारीने नाक पुसलं. "हे अंगावर आहे तोवर तू वर आणि मी खाली. सोडलं की पुन्हा फाहू होईन. मला माझा स्वभाव माहीत आहे. माझ्याकडे काही मागायचं असेल तर आत्ता माग."

मी लुपेच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वण होता. तिने माझा हात झटकला. मागून कुणी ढकलायची गरज नव्हती, ती बोलणारच होती.

"माझे फर्मे," ती म्हणाली. आवाज फाटला. मग पुन्हा, अंगणभर ऐकू जाईल असं, "माझे बासष्ट फर्मे मला परत पाहिजेत."

"ते फाहूचे आहेत," एलेनोआ म्हणाली. "आई, तूच म्हणालीस, मामाच्या घरात काय वाटेल ते उचल."

"चटई उचलून नेतो आपण," म्हातारी म्हणाली. "पण कुणी विचारलं, की विणली कुणी, तर विणणारीचं नाव सांगतो. तू काय सांगितलंस पेपरात? आणि तुझ्यात एवढी अक्कल असती तर त्या पोरीला जिवंत आत्याची चटई नेसवली असतीस? आण जा ते."

"आई..."

"मी इथून उठत नाही. रात्र होवो, मला थंडी वाजो. आण."

एलेनोआला हॉटेलवर जाऊन यायला तासभर लागला. तोवर म्हातारीने दोन टोपल्या कंद सोलले आणि आणलेल्या डुकराचं आता काय करायचं यावर पाद्रीबाबांशी भांडली. डुक्कर सगळ्यांनी खायचं ठरलं. एलेनोआने गुंडाळ्या टेबलावर टाकल्या. मी एक उलगडला आणि माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात रबरी शिक्का: एलेनोआ, ऑकलंड. प्रत्येकावर. बासष्टच्या बासष्ट. मी तिच्याकडे वळले, पण म्हातारी माझ्या आधी आत आली होती, चटईसकट, राखेसकट.

"कात्री दे," ती मला म्हणाली.

मी मोठी कात्री दिली. लोसालिने आत्याने पहिला कागद ओढला आणि आपल्या मुलीचं नाव कापून जमिनीवर टाकलं. मग दुसऱ्याचं. एलेनोआ दारात उभी राहून बघत होती, मग बाहेर गेली. म्हातारीची नजर अधू. सातव्या का आठव्या फर्म्याला शिक्का अगदी आत, गळ्याच्या वळणापाशी मारलेला होता. म्हातारीने जबडा आवळून कात्री घातली.

लुपेने तिचं मनगट धरलं. फाहूचा हात धरला, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. "थांबा, आत्या. एवढं नाही. इथे गळा आहे."

मला वाटलं, आता म्हातारी तडकणार. तिने हात सोडवून घेतला नाही. कागदावर वाकली, त्या वळणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला काय कळतंय यातलं! कुठवर कापू, ते तू सांग."

लुपेने खडू घेतला आणि तिला रेघ मारून दिली.